टेकाडाचा निवद

मळा, येवला
१० मार्च २०२४

चि. सौ. निकितास,
अ. उ. आ.

फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि तुझ्याकडे राहिलेली आई सगळं ऐकते, म्हणून हा पत्राचा खटाटोप. शेततळं खोदायला घेतलं, तर थोड्या खोलीवरच कातळ लागला. आता बांधाला माती पुरत नाही. जवळ माती आहे ती फक्त आपल्या टेकाडाची. गेल्या उन्हाळ्यात कांदा डोळ्यांदेखत करपला. पावसाआधी तळं झालं नाही तर यंदाही तेच होणार.

पण दर पोळ्याला आई टेकाडाला पुरणपोळीचा निवद ठेवते. लहानपणी आपण तिथे चपला काढून चढायचो. देवाला जेसीबी लावायची माझी छाती होत नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा नूर पाहून विषय काढ. तुझं गोड बोलणं आमच्या जावईबापूंपुरतंच राखून ठेवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा,
दीपकदादा


गंगापूर रोड, नाशिक
१७ मार्च २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईला विचारलं. आधी ती हसली, मग सांगू लागली. दादा, तिथे देव कधी नव्हताच. तू पोटात असताना आईआबांनी विहीर खणली, तिची ती माती आहे. आबा खणायचे, आई पाट्या वाहायची. कातळ लागला, पाणी काही लागलं नाही. आपण लपाछपी खेळायचो तो बाभळींचा खड्डा म्हणजे ती विहीर. आबा जिवंत असेपर्यंत पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत.

मग निवद कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, एवढे कष्ट उपाशी राहिले, त्यांना कुणी जेवू घालायला नको का. मला रडू आवरलं नाही.

माती खुशाल ने म्हणते. फक्त बांधावर पहिली पाटी तीच टाकणार. डॉक्टरांना तू समजव.

वहिनींना नमस्कार. माया असू द्या.
तुझी,
निकिता


मळा, येवला
४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. निकितास,
अ. उ. आ.

तळं काठोकाठ भरलंय. चैत्रात आईने पाटी टाकली तेव्हा तू तिला धरून होतीस. आता ती कुणाचा हात धरत नाही. टेकाडाच्या जागी सपाट रान पाहून मला अजून चुकल्यासारखं होतं.

परवा पोळ्याला ती निवद घेऊन निघाली. मला वाटलं, सवयीने जुन्या जागी जाईल. ती सरळ बांधावर चढली, पान मातीवर ठेवलं आणि पाण्याकडे बघत, आबा शेजारी उभे असावेत तशी हळूच म्हणाली, अहो, पाणी लागलं.

बाकी क्षेम. येऊन बघून जा.
तुझा,
दीपकदादा