राखेतून लवकर काढलेला हुक

उस्ताद, तुमचा राखेचा डबा अजून वेल्डिंगच्या दुकानात आहे, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलोय. काल दुपारी उसाच्या ट्रॉलीचा हुक जोडून दिला. हुक जुन्या एक्सलचा, कडक पोलाद. दांडी साध्या मऊ लोखंडाची. अशा दोन स्वभावांची सोयरीक करायची तर आधी शेकायचं, मग जोडायचं आणि निवेपर्यंत राखेखाली ठेवायचं, हे तुम्ही अंगात मुरवलेलं. पण ड्रायव्हर घाईत होता, हुक राखेतून लवकर निघाला आणि गरम जोडावर पाणी पडलं. आज सकाळी भाकरी तशीच टाकून उठलो.

तो दिवस सारखा आठवतो. मी नवा, तुम्ही जेवायला गेलेले, आणि मी गरम जोड बादलीत बुडवतो. तुम्ही येता, जोड शिकंज्यात धरून गिऱ्हाइकासमोर एक घण घालता. जोड शाबूत, पण त्याच्या कडेला पोलाद काड्कन तुटलेलं, आत साखरेवानी चमकणारे कण. "बघ," तुम्ही म्हणालात, "कडक पोलाद घाईनं निवलं की काच होतंय. आन् भेग लगेच दिसत न्हाई, दुसऱ्या दिवशी तोंड दावती." दिवस मावळेपर्यंत मला राखेजवळ बसवलंत, आणि उठताना हा डबाच देऊन टाकलात.

दुसरा दिवस आज. ड्रायव्हरला फोन केला तर तो हसला. "काका, हुक लय पक्का हाय. बाया-लेकरं बसल्यात, निघायलोय आमी." मी गाडीला किक मारली आणि राणीसावरगावच्या फाट्यावर ट्रॉली गाठली. ऊसतोडीच्या सगळ्या माणसांना खाली उतरवलं. जोडाला डिझेल लावलं, कोरडं पुसलं, खडूची भुकटी चोळली आणि उकिडवा बसलो. पांढऱ्या खडूवर भेगेत मुरलेल्या डिझेलची केसाएवढी ओली रेघ हळूहळू उमटली, बरोबर जोडाच्या कडेला. एक बाई लेकराला कडेवर घेऊन त्या रेघेकडे बघत राहिली.

"काका, लोखंडच खराब व्हतं का?" ड्रायव्हरनं विचारलं. मी होय म्हणून मान हलवली.

नवा हुक आता राखेखाली आहे आणि मी शेजारी. उस्ताद, लोखंड चांगलं होतं. ड्रायव्हर घाईत होता असं वर लिहिलंय, तेही खरं नाही. तो लिंबाखाली निवांत झोपला होता. मलाच भूक लागली होती. पाणी मी ओतलं. तो समोरच चहा पितोय, आणि त्याला हे अजून सांगणं झालेलं नाही.