मधाखालची चव

नाना,

तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तुमचा खल डुगडुगतो. मी एम.ए. झालो तेव्हा लोकांचे वडील मुलाला घड्याळ द्यायचे. तुम्ही धुळ्याच्या आपल्या देवपूरमधल्या दवाखान्यातला तो काळा दगडी खल दिलात आणि वस्तू अशी द्यावी जी नातवापर्यंत पुरेल, असं वर ऐकवलंत. त्याचं बूड एका बाजूने झिजलं आहे. ओट्यावर ठेवला की तो सभेत झोप आलेल्या अध्यक्षासारखा माना टाकत राहतो. मी खाली फडकं घालून पाहिलं, वर्तमानपत्र घालून पाहिलं, शेवटी शाळेतल्या जुन्या हजेरीपुस्तकाचा पुठ्ठा कापून घातला तेव्हा कुठे तो जरा स्थिर झाला. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली. इतकी वर्षं तो माझ्या कपाटावर निमूट बसून होता, कुणाची काही तक्रार नव्हती. वापरायला काढला आणि दोष दिसला.

वापरायला काढला कारण तुमच्या सुनेला दिवस गेले आहेत. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. यावलकडची, केळीच्या बागेत वाढलेली मुलगी, आणि तुमच्या मुलापेक्षा पुष्कळ हुशार. लग्नाला सोळा वर्षं झाली. जे आपोआप झालं नाही ते इथे जळगावात एका डॉक्टरबाईंनी काचेच्या बशीत जुळवून आणलं, तेही तिसऱ्या खेपेला. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. आधी घड्यातून जन्मलेल्या ऋषींचा दाखला दिला असतात आणि मग चष्मा पुसत, आपल्याकडे हे सगळं होतंच, असं म्हणाला असतात. असो. सातवा आठवडा चालू आहे. इंजेक्शनं आहेत, तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या आहेत आणि रोज सकाळी खाऊन झाल्यावर एक बारीक पांढरी स्टिरॉइडची गोळी आहे. आधीचे दोन गर्भ रुजले नाहीत, कदाचित शरीरच त्यांना परकं समजत असेल, म्हणून डॉक्टरबाई ही देऊन बघताहेत. सगळ्यांना देत नाहीत आणि उपयोग होईलच असंही नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मला त्यांचं ते बोलणं आवडलं होतं. हिच्या घशात गोळी अडकते, म्हणून त्यांना विचारूनच मी ती खलात कुटतो आणि मधातून देतो. वैद्याचा मुलगा आहे, एवढं तर यायलाच हवं.

आता अडचण अशी की हिला काही होत नाही. मळमळ नाही, उलटी नाही, फोडणीचा वास आला तरी नाक मुरडत नाही. उलट भूक लागते. परवा भरीत आणि दोन कळण्याच्या भाकऱ्या खाऊन ही माझ्या ताटाकडे बघत होती. हिची आई यावलहून राहायला आली आहे. तिने पहिल्या दिवशी मुलीचे भरलेले गाल बघून दृष्ट काढली आणि तिसऱ्या दिवशी मला गॅलरीत बोलावून हळूच म्हणाली, ‘जावईबापू, मयमय नाही, उलटी नाही, तं मंग आत काही हाये का नाही?’ मी हसलो. मग डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, काही बायकांना मळमळ होतच नाही, शिवाय स्टिरॉइडनेही ती दबू शकते, भूक वाढते, गाल भरतात, त्यामुळे उलटी नाही ह्यावरून चांगलंही ठरवू नका आणि वाईटही ठरवू नका. ह्या नाही, पुढच्या सोमवारी सोनोग्राफीत ठोके बघू. आणि गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर अंगातलं त्राण जातं. ह्या शेवटच्या वाक्याशी मी थोडा थांबलो. का थांबलो ते तेव्हा कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी. हिला चाटण दिलं, ही तोंड वाकडं करून आंघोळीला गेली आणि खलाच्या कडेला लागलेला मध वाया जाऊ नये म्हणून मी बोट फिरवून चाटला. आधी मध. मग मधाखालून वर येणारी एक कडू चव, जिभेच्या पार मागे जाऊन बसणारी, पाणी प्यायलं तरी न उठणारी. नाना, ती चव मला ओळखायला वेळ लागला नाही. वयाच्या सातव्या वर्षापासून ती मी रोज सकाळी तुमच्या हातून चाटतो आहे. तुम्ही पुडी उघडता, मधात बोट फिरवता, माझी हनुवटी वर धरता आणि सांगता की हे पणजोबांचं श्वासचूर्ण आहे, ह्यात कुटकी आहे म्हणून कडू लागतं. मी चाटतो. तासाभराने छातीतली शिट्टी थांबते. बाहेर बाकावर बसलेला सोनगीरचा म्हातारा तुमच्या पायांना हात लावून म्हणतो, ‘नाना, तुमनी पुडीमा जादू शे.’ आणि तुम्ही नम्रपणे वर बोट दाखवता. देवाकडे, असं मी समजत होतो. वर फळीवर डबे होते.

त्या सकाळी मी शाळेत जाण्याऐवजी सहावीतला वर्गाचा फोटो शोधून काढला. मागच्या रांगेत मी आहे, गाल टरबुजासारखे. मुलं मला त्याच नावाने हाक मारायची आणि तुम्ही म्हणायचात, वैद्याचं पोर बाळसेदार असतंच. मग जळगावचं वसतिगृह आठवलं. पुड्या संपल्या, मी म्हटलं आता मोठे झालो, बघू चार दिवस न घेता. चौथ्या दिवशी जेवणाच्या रांगेत ताटासकट आडवा झालो. हातापायांत त्राण नाही, डोळ्यांपुढे अंधार. तुम्ही धुळ्याहून मिळेल त्या एस.टी.ने आलात. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तुम्हाला नीट विचारलं होतं, ह्याला आधीपासून कसलं औषध चालू होतं का. तुम्ही म्हणालात, घरचं चूर्ण, वनस्पतींचं. त्याची पाठ वळली आणि तुम्ही खिशातून पुडी काढलीत. दुसऱ्या दिवशी मी बसून जेवत होतो आणि वॉर्डभर सांगत होतो की मोठ्या डॉक्टरांना जे उमगलं नाही ते माझ्या वडिलांनी एका पुडीत केलं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मला वाटलं, विनय.

तरी मी म्हटलं, जिभेच्या साक्षीवर कुणाला फाशी देऊ नये. रविवारी धुळ्याला गेलो. आई शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी सरळ विचारलं, नानांच्या चूर्णात काय होतं? तिने मानही वर केली नाही. म्हणाली, ‘पांढऱ्या गोळ्या. खलात मीच कुटायचे.’ मग एक शेंग सोलून झाल्यावर म्हणाली की तू निळा पडायचास, त्यांना ते बघवायचं नाही. आधी ते तुझ्यापुरतंच होतं, मग लोकांना गुण यायला लागला तसं वाढत गेलं. मला सांगितलं का नाही, असं मी म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. ‘तू विचारलं कुठे?’

विचारलं होतं, नाना. आठवीत असताना ‘माझे वडील’ ह्या विषयावर संस्कृतात निबंध लिहायचा होता आणि मला त्यात चूर्णाची सगळी द्रव्यं घालायची होती. तुम्ही वही मिटवलीत आणि म्हणालात, ‘कुळाचं औषध चारचौघांत उघडं करायचं नसतं. अर्थ कळत नसेल तर पाठांतर कर.’ तुमचं दुसरं कुठलंही रागावणं मला इतकं आवडलं नाही. आपल्याकडे काहीतरी राखण्यासारखं आहे, ह्या अभिमानात मी वर्षं काढली. दम्याच्या पोराला गोळी दिलीत ह्याचा मला राग नाही. गरज पडली तर आजचे डॉक्टरही देतात, पण नाव सांगून देतात आणि हळूहळू उतरवत नेतात. मला राग आहे तो तिला पणजोबांचं नाव लावल्याचा. तुम्ही जुन्या संस्कृत पोथीतलं वाचून दाखवायचात आणि माझी छाती मोकळी व्हायची. दोन्ही गोष्टी एकत्र घडायच्या म्हणून मी त्या एकच समजलो. वर्गातली बाकीची पोरं इंजिनिअरिंगला गेली आणि मी संस्कृत घेतलं ते त्या पुडीच्या भरवशावर. माझ्याच श्वासाचा पुरावा होता ना माझ्याकडे. आता वर्गात धातू चालवायला सांगताना मधेच थांबतो. मुलांना वाटतं, सर विसरले.

आमच्या सोळा वर्षांच्या वाट बघण्यात त्या पुडीचा काही हात असेल का, हेही डॉक्टरबाईंना विचारलं. पहिल्या भेटीत, पूर्वी घेतलेली औषधं ह्या रकान्यात मी ठसठशीत अक्षरात ‘काही नाही’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. ही बाई हे वाक्य किती सहज बोलते. तुमच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही; घडी घालून खलाखाली ठेवीन, पुठ्ठ्याने अजून पुरतं स्थिर झालेलं नाही. पण लिहायला बसलो ते तुमचं उणं काढण्यासाठी नव्हे. त्या रविवारी आईला मी आणखी एक विचारलं होतं, माझ्या वेळी तुला उलट्या होत होत्या का. ती म्हणाली, पाच महिने पाणी ठरलं नव्हतं. घरी आलो तर ही दारातच उभी. रोज सकाळी विचारायची तेच विचारलं, ‘आजही काही झालं नाही. हे चांगलंच आहे ना?’ डॉक्टरबाईंचं उत्तर मला पाठ होतं. ते द्यायचं सोडून मी चपला काढत म्हटलं, आईला विचारून आलोय, माझ्या वेळी तिलाही एक उलटी झाली नव्हती, आमच्या घराण्यातच नाही ते. हिचा चेहरा असा मोकळा झाला, नाना, जसा पुडीनंतर माझा व्हायचा. तेव्हापासून हिने विचारलेलं नाही.

सोमवारी ठोके दिसले तर प्रश्नच मिटला. नाही दिसले, तर त्या खोलीतून बाहेर पडल्यावर ही पहिल्यांदा माझ्याकडे बघेल. तेव्हा हिला खरं कसं सांगायचं ते मला येत नाही.