वरच्या सभागृहाचे तीन महिने

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा टिपण! समितीच्या अध्यक्षीणबाईंनी ग्रंथालयात निरोप धाडला — आपलं वरिष्ठ सभागृह आणि शेजारच्या देशाचं, दोघांच्या अधिकारांची तुलना. सहा पानं, आठवड्याभरात. एकोणतीस वर्षं हेच करतेय. मी लिहायचं, कोणी वाचायचं नाही. वरच्या फळीवरचे खंड काढायला आता शिडी चढवत नाही. गुडघे बोलतात.

५ फेब्रुवारी
टिपण कशासाठी ते कळलं. कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर करून आमच्याकडे पाठवलंय — गतिमंद प्रौढांची सरकारी वसतिगृहं बंद. प्रत्येकाला घरच्यांनी न्यायचं. अध्यक्षीणबाईंना ते अडवायचंय.

धाकटा भाऊ अशाच वसतिगृहात आहे. आई गेल्यावर मीच त्याला तिथे ठेवून आले. अकरा वर्षं झाली. कचेरीत कोणाला ठाऊक नाही. तो आता एकावन्नचा. माझ्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसभर घराला कुलूप. त्याच्याजवळ कोण थांबणार?

८ फेब्रुवारी, रविवार
भेटून आले. माझा हात धरून त्याने बागेला तीन फेऱ्या मारल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, इथल्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी
तिकडचं वाचून हेवा वाटला. त्यांचं वरचं सभागृह लोकच निवडतात, लहानमोठ्या सगळ्या प्रांतांना सारख्या जागा. त्यांनी विधेयक नाकारलं की ते संपलं. सरकारला पुन्हा समोर बसून तडजोड करावी लागते. फक्त खर्चाच्या बाबतीत त्यांचा हात बांधलेला.

आणि आमचं? निम्मे नेमलेले, निम्मे नगरपालिकांनी पाठवलेले. फार तर तीन महिने विधेयक रोखायचं. मग ते आपोआप कायदा होतं. त्यांना 'नाही' म्हणता येतं, आम्हाला 'जरा थांबा'. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

१३ फेब्रुवारी
अध्यक्षीणबाईंनी बोलावलं. टिपण वाचलं होतं, सहाही पानं! चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला हे अडवता येत नाही?"

"नाही. लांबवता येतं."

नियमावलीत एकेचाळिसाव्या कलमात 'संमतीनंतर' असा एक मोघम शब्द आहे. ओढूनताणून त्यातून नकाराधिकार काढता आला असता. अगदी ओठांवर आलं होतं. पण न्यायालयात ते टिकलं नसतं आणि बाई तोंडघशी पडल्या असत्या. गिळलं.

त्या म्हणाल्या, मग उगाच कशाला ताणायचं, जाऊ दे पुढे. मी उठायला हवं होतं. उठले नाही.

"पूर्ण तीन महिने घ्या, बाई. घरच्यांना तयारीला तरी मिळतील."

सल्ला देणं माझं काम नव्हे. या नोकरीत पहिल्यांदाच दिला.

२४ फेब्रुवारी
रोखलं. चार मतांनी.

१९ एप्रिल, रविवार
तयारी शून्य. तळमजल्यावर खोली बघायची, रजा किती शिल्लक आहे ते विचारायचं, दिवसा थांबायला कोणी बाई मिळते का पाहायचं — रोज ठरवते. संध्याकाळी घरी येते ती आडवीच होते. मतदानानंतर एकदाही त्याला भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? हे तीन महिने त्याच्यासाठी नव्हते मागितले.

२५ मे
कायदा झाला. वसतिगृहाचं पत्रही आलं. शनिवारपर्यंत न्या.

३० मे, शनिवार
बाहेरच्या पायरीवर बसला होता, मांडीवर कपड्यांची पिशवी. मला पाहून उठला, हसला, चालायला लागला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मेट्रनबाई म्हणाल्या, "मार्चमध्ये आम्ही सांगितलं ना त्याला, घरी जायचंय म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी असाच तयार होऊन बसायचा."

इतके दिवस त्याला कोणी थांबवलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.