बारा ते एकची चौकट

शिनानो-ओमाची
६ मार्च

प्रिय मोमोसे-सान,

पत्र हाताने लिहिलेलं पाहून तुम्हाला नवल वाटेल. ‘कुराशिना-सान बाजाराची यादीसुद्धा चौकटी आणि बाण काढून करत असतील,’ असं तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतात. मी तेव्हा हसलो नाही, कारण मी खरोखरच तशी यादी करतो. मुळा मिळाला तर इकडे, नाही मिळाला तर तिकडे. हे पत्रही आधी संगणकावर मांडून पाहिलं. ‘सुरुवात’ म्हणून लांबट गोल काढला, त्याखाली चौकोन काढला, आणि चौकोनात काय लिहायचं ते अर्धा तास सुचलं नाही. शेवटी स्टेशनासमोरच्या दुकानातून रेघांचा कागद आणला. माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. सांभाळून घ्या.

तुम्ही इतोइगावाच्या गोदामात रुजू झालात त्याला पाच महिने आणि पाच दिवस झाले. इकडे रस्त्याच्या कडेला अजून कमरेएवढा बर्फ आहे, फक्त वरचा थर काळा पडलाय. कारखानाप्रमुख याझाकी-सानांचा गुडघा आणखी बिघडलाय. जिना चढताना ते प्रत्येक पायरीला कुणाला तरी शिव्या देतात, कुणाला ते कळत नाही. तुमच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. त्यातून कागद बाहेर येताना जो आवाज होतो तो तुम्ही खुर्ची मागे सारायचात त्या आवाजासारखा आहे. दर वेळी मी मान वर करतो. एकवीस वर्षांची सवय, पाच महिन्यांत कशी जाणार.

आपल्याकडे आधी फ्लोचार्ट कसे काढायचे, आठवतं ना? एक्सेलचे रकाने दाबून दाबून तांदळाच्या दाण्याएवढे करायचे, स्क्रीनभर आलेखाचा कागद तयार करायचा आणि एकेक चौकट कडेकडेने रंगवत बसायचं. मध्येच एक चौकट घालायची झाली की खालचं सगळं मोडायचं. सगळीकडे असंच करतात म्हणून याझाकी-सानांना तेच बरोबर वाटायचं. मी तांत्रिक शाळेतून थेट लेथवर आलेला माणूस. मला कुणी काही शिकवलं नाही. ऑर्डरची नोंदणी बघून बघून शिकलो, आणि फ्लोचार्टचं ते खास सॉफ्टवेअर वाचनालयातल्या पुस्तकावरून तीन हिवाळे घरी बसून शिकलो. चौकट सरकवली की तिला जोडलेला बाण आपोआप मागे जातो, हे ऑफिसात पहिल्यांदा दाखवायला मी तुम्हालाच हाक मारली होती. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात आणि म्हणालात, ‘अगंबाई, कोंबडीमागे पिल्लू जावं तसा जातोय की.’ नंतर मी कितीतरी जणांना ते दाखवलं. ‘बरं आहे’ यापलीकडे कुणी काही बोललं नाही.

माझे नियम तुम्हाला पाठ आहेत. बाण एकमेकांना ओलांडता कामा नयेत. निर्णयाच्या पतंगी चौकटीतून दोनच वाटा निघाल्या पाहिजेत, हो आणि नाही. आणि जे काम घड्याळ लावून मोजलं नाही ते नकाशात यायचं नाही. ह्या शेवटच्या नियमापायीच मी मागच्या जूनमध्ये घड्याळ घेऊन तुमच्या टेबलाशी उभा राहिलो. फॅक्स येतो, मी तो वाचून नोंद करतो, पावती छापतो, शिक्का मारतो. इथवर नऊ मिनिटं. मग पावती तुमच्याकडे. सकाळी नऊ वीसला आलेले कागद तुमच्या ट्रेमधून दुपारी एक वाजता पुढे गेले. मी विचारलं, ‘मोमोसे-सान, इतका वेळ काय करता?’ याझाकी-सान माझ्या खांद्याशीच उभे होते. तुम्ही आधी त्यांच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, ‘काही नाही. थोडे मुरू देते.’ याझाकी-सान हसले. ‘मोमोसे-सान, आपण पंप विकतो. नोझावानाच्या पाल्याचं लोणचं नाही.’ तुम्हीही हसलात. मी हसलो नाही, मी लिहून घेतलं. विलंबाची अर्धगोल खूण काढली, खाली लिहिलं: तीन तास चाळीस मिनिटं.

त्या नकाशाला मात्सुमोतोच्या मुख्य कार्यालयात सुधारणा-सभेचं पहिलं बक्षीस मिळालं. दोनशे माणसांसमोर पडद्यावर माझा नकाशा होता. एकही बाण दुसऱ्याला ओलांडत नव्हता. तुमचा अर्धगोल मी लाल रंगवला होता, आणि तो काढून टाकला की सगळी रांग कशी सरळ होते ते दाखवलं होतं. मी अर्धगोल काढला होता, मोमोसे-सान. त्याच्यामागे खुर्ची आहे आणि खुर्चीवर कुणी बसलेलं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वरच्यांच्या ते बरोबर डोक्यात आलं. सप्टेंबरमध्ये तुमच्या बदलीचा हुकूम आला, आणि आपल्याकडे हुकूम आला की माणूस ‘आभारी आहे’ म्हणतो आणि सामान बांधतो. निरोपाच्या जेवणाला तुम्ही माझ्या पेल्यात बिअर ओतलीत आणि म्हणालात, ‘तुमचे बाण फार सरळ असतात, कुराशिना-सान. मला नाही कधी तसे जमले.’ मला ती शाबासकी वाटली. मी म्हणालो, ‘जाळीला चिकटवायचा पर्याय चालू ठेवायचा, आपोआप सरळ होतात.’ हे वाक्य मला आता रोज आठवतं, बहुतेक दात घासताना.

फेब्रुवारीत खालच्या खाणावळीचा नळ गोठला, म्हणून मी वरच टेबलावर भाताचे गोळे खात बसलो होतो. गावच्या भोंग्यावर बाराची धून वाजली. दहा मिनिटांनी तुमचा फोन वाजला, प्रिंटरमागे राहून गेलेला तो. ओतारीच्या वरच्या अंगाला गरम झऱ्याची सराय आहे, तिथली म्हातारी मालकीण. आपण तिला पंपाचं एकच सील तिसऱ्यांदा चुकीचं पाठवलं होतं. पण ती आधी त्याबद्दल बोललीच नाही. ‘ती बारा दहाची बाई कुठाय?’ म्हणाली. मी म्हणालो, ‘कोण बारा दहाची?’ ‘अहो, तुमच्याकडची. मी कागदावर पंचेचाळीस लिहिलं तरी फोन करायची. आजी, चष्मा न लावता लिहिलंत ना, तुमचा पाइप पन्नासचा आहे, म्हणायची. दुपारी बारालाच करायची, कारण सकाळी आम्ही गाद्या उचलतो आणि दुपारनंतर पाहुणे येतात. मेली की काय?’ मी म्हणालो, नाही, बदली झाली. ‘कुणी केली?’ तिनं विचारलं. मी म्हणालो, सील उद्याच पाठवतो.

मग मी तुमचा खालचा खण उघडला. टेबलच रद्द झालं होतं, त्यामुळे काम कुणाच्या हाती सोपवायचं हा प्रश्न नव्हता, म्हणून त्या खणाला कुणी हात लावला नव्हता. आत मागच्या सहा वर्षांच्या वह्या होत्या, वर्षाला एक; त्याआधीच्या सापडल्या नाहीत. पहिल्या पानावर तुमच्या गोल अक्षरात, ‘जो कोणी हे काम करेल त्याच्यासाठी.’ कोणता शेतकरी तीन आणि आठ सारखेच काढतो. कुणाचा मुलगा फॅक्स करतो आणि त्याला पंपातलं काही कळत नाही. कोण बाराला जेवतो, कोण साडेबाराला. रोज तुम्ही सकाळी माझी पावती आणि मूळ फॅक्स शेजारी ठेवून बघत होतात आणि जिथे शंका आली तिथे जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, फोन करत होतात. गिऱ्हाइकाला फोन फक्त विक्री विभागाने करायचा हा नियम मला ठाऊक आहे, तो फलकावर मीच टाइप करून लावलाय. आणि प्रत्येक चुकीपुढे, ती कुणाची, ते होतं. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाचं नाव. काही ठिकाणी छोटं वर्तुळ आणि आत ‘कु’.

मी ते ‘कु’ मोजले. मी मोजणारच. सहा वर्षांत एकेचाळीस. एकोणीस वर्षं मी ह्या कारखान्यात सांगत आलो की माझ्या नोंदणीत कधी चूक निघाली नाही. वार्षिक भोजनाला सांगितलं, विक्री विभागाला सांगितलं, एकदा तर तुम्हालाच सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, ‘हो, ऐकलंय मी.’ आता कळतं की जूनमध्ये तुम्ही याझाकी-सानांकडे का बघितलंत. खरं सांगितलं असतं तर तुमचा अर्धगोल वाचला असता आणि माझे एकेचाळीस त्यांच्यासमोर उघडे पडले असते.

आणखी एक. तुमचा नावाचा शिक्का. तो अधूनमधून वाकडा पडायचा आणि मी तुम्हाला त्यावरून बोललो होतो, निदान दोनदा. ‘शिक्का सरळ मारायला काय कष्ट पडतात?’ असं. याझाकी-सानांना वाटायचं की तुम्ही जुन्या पद्धतीने शिक्का त्यांच्या शिक्क्याकडे झुकवून अदबीने वाकताय. ते खूश होऊन वर आपला शिक्का मारायचे आणि कागद वाचायचेच नाहीत. मी जुन्या पावत्या काढून तुमच्या वह्यांशी ताडून पाहिल्या. जिथे तुम्ही काही दुरुस्त केलंय तिथेच शिक्का वाकडा आहे. जिथे नाही तिथे सरळ. एकही अपवाद सापडला नाही. इतकं चोख काम मी माझ्या नकाशांत कधी केलेलं नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला किती वेळ लागला ते तुम्हीच ओळखा.

आता जे लिहायचं ते रेघ सोडून लिहितो. बारा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात स्टेशनासमोरच्या सोबाच्या दुकानात नव्या पिठाच्या शेवया आल्या होत्या. ते दुकान फक्त दुपारीच उघडं असतं. मी तीन दिवस मनात चौकटी मांडल्या आणि चौथ्या दिवशी तुम्हाला विचारलं, जेवायला याल का. तुम्ही म्हणालात, ‘बारा ते एक मला जमत नाही हो.’ मी ‘बरं’ म्हणालो. पतंगी चौकट, दोन वाटा. मी ‘नाही’ची वाट धरली आणि बारा वर्षं त्याच वाटेने चालत राहिलो. रोज दुपारी जिना उतरताना वाटायचं, बाईंना आपल्याबरोबर जेवायचं नसतं म्हणून त्या वर थांबतात. तुम्ही वर बसून माझी चूक दुरुस्त करत होतात. त्या दिवशी तुम्ही पुढे ‘पण’ म्हणाला होतात असं आता मला आठवतं. नक्की सांगता येत नाही, कारण तेवढ्यात बाराची धून वाजली आणि मी वळलो होतो. खात्री नसलेली गोष्ट मी कधी लिहीत नाही. ही लिहितोय.

तर पत्राचं कारण. चोवीस तारखेला मात्सुमोतोला सुधारणा-सभा आहे. मी नकाशा नव्याने काढलाय आणि तिथे तो मांडून सांगणार आहे की आधीचा चुकला होता, आणि चूक माझी. एकेचाळीससकट सांगणार आहे. याझाकी-सान म्हणतात, ‘वेड लागलंय का? बक्षीस परत द्यायला कोण जातं?’ त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. पण ते सांगितलं की तुमचे फोनही सांगावे लागतात, आणि कदाचित तुम्हाला परत बोलावतील. तुम्हाला परत यायचं आहे की नाही हे मात्र मला ठाऊक नाही. समुद्र तुम्हाला मानवला असेल. म्हणून हा कागद पुढे जाण्याआधी तुमच्या ट्रेमध्ये यायला हवा. तुमच्या चौकटीत मी काही लिहिलेलं नाही, ते तुम्ही लिहायचं. तिच्याखाली वेळ टाकलेला नाही. हवा तितका वेळ कागद ठेवून घ्या, आणि पुढे पाठवू नका असं वाटलं तर तसं सांगा, मी तो मात्सुमोतोला नेणार नाही. शनिवारी, चौदा तारखेला, मी तो घेऊन येतोय. मिनामी-ओतारीला गाडी बदलायची, पुढे तो एका डब्याचा डिझेलचा प्रवास. बारा ते एक तुम्हाला जमत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी दीड वाजता इतोइगावा स्टेशनाच्या समुद्राकडच्या दारापाशी उभा राहीन. तिकडे दुपारी उशिरापर्यंत सोबा मिळतो का, याची चौकशी मी केलेली नाही. ती तुमच्यावर सोडलीय. आणि त्या दिवशी ‘पण’च्या पुढे काय होतं, ते तुम्हाला आठवत असलं तर मला ऐकायचं आहे. हे सगळं ह्या एका गोष्टीसाठी लिहिलं.

शेजारच्या टेबलावरचा, एकवीस वर्षं तुमचाच,
कुराशिना तोकुओ

नावापुढचा शिक्का वाकडा पडलाय. चुकून नाही.