सत्कारातलं एक वाक्य

येलहंका, मंगळवार

प्रिय अण्णा,

फोनवर तू कानडीत 'सरी, सरी', बरं बरं, म्हणून ठेवून देतोस आणि मग तासभर माझंच डोकं तापतं, म्हणून हे पत्र. विमलावहिनीला बजावलंय, तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोरून हलायचं नाही.

फेब्रुवारीत सोनोग्राफीत तुझ्या यकृतावर डाग दिसला. डॉक्टरांनी लगेच एमआरआय सांगितला, डाग उठून दिसावा म्हणून शिरेतून औषध देऊन. आता जून संपत आला. तू काय केलंस? चामराजपेटच्या तुझ्या फ्रेमच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलंस, की धाकटी बहीण नवं औषध बनवतेय, ते आलं की फोटो काढू, तोवर स्वल्प थांबू. डॉक्टरांनाही हेच! वहिनीनं सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

गणपतीत करंज्या तळताना तू विचारलंस, तुमच्या प्रयोगशाळेत चालतं तरी काय? मी हातातली करंजी दाखवली. म्हटलं, असाच कण, पण केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील इतका बारीक. वरची पारी शरीरात आपोआप विरघळणारी, आत सारणाच्या जागी स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध. नेहमीचं औषध बहुतेक पेशीच्या बाहेरूनच फिरून जातं, हा कण आत शिरतो. झालं! तू तेवढंच धरून बसलास. बाहेरून काढलेला फोटो अर्धवट, मग काढायचाच कशाला? अरे, त्याच औषधावर रोज हजारो लोकांचं निदान होतं. त्यांनीही काय माझ्या करंजीची वाट बघत बसायचं?

तुझा हट्ट मला नवा नाही. मला पुढे शिकवायला अप्पा तयार नव्हते, तेव्हा तू महिनाभर त्यांच्याशी बोलला नाहीस. तेव्हा तो हट्ट गोड वाटला होता. आता वाटतं, धरून गदागदा हलवावं तुला. माझ्या सत्काराची बातमी कापून तू दुकानात व्यंकटरमणाच्या तसबिरीशेजारी सोनेरी फ्रेममध्ये लावलीस. तिच्याखाली बसून कूस दाबत काचा कापतोस म्हणे. मला रडू येतं आणि संतापही होतो.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही ते आता लिहिते. दिवाळीत मंडळाच्या सत्कारात मी म्हणाले, दोन वर्षांत हे पेशंटपर्यंत पोहोचेल. ते खोटं होतं. कण तेव्हा फक्त काचेच्या बशीतल्या पेशींत शिरले होते. टाळ्या वाजत होत्या, पहिल्या रांगेत तू उभा राहिला होतास, आणि माझी जीभ सुटली. गेल्या महिन्यात उंदरांवर पाहिलं, तर पारी विरघळलीच नाही. कण यकृतातच साचून राहिले. आता सगळं पहिल्यापासून. दहा वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही. हे सगळ्यांना सांगितलं, फक्त तुला नाही. माझ्या एका वाक्यावर तू चार महिने घालवलेस, अण्णा. ते वाक्य मी परत घेते. गुरुवारी सकाळी आठची एमआरआयची वेळ घेतलीय, नेहमीच्याच औषधाची. उपाशीपोटी यायचं, कॉफीसुद्धा नाही. ती फ्रेम आजच उतरव. मी सातला ऑटो घेऊन येते, तेव्हा तू मला चपला घालून दारात उभा दिसायला हवास.

तुझीच, तूच शिकवून डोक्यावर बसवलेली,
प्रमोदिनी