अर्धा भागिले पाव

१२ जुलै २००७, हिंगणघाट
गोतमारे सरांनी शेवटी मलाही ओढलं. जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांचा ई-मेल गट चालवतात ते. वर्गात अडलेलं तिथं टाकायचं, बाकीच्यांनी सुचवायचं. म्हटलं, निवृत्त माणूस कशाला? "गुरुजी, तुमचा अनुभव पोरापोरींले पाहिजे." खूष झालो, खोटं कशाला लिहू. मी कागदावर लिहितो, सूनबाई मनीषा ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करते. 'भूमिती' त्या अक्षरांत अगदी परकी दिसते.

१९ जुलै
गटात समुद्रपूरकडच्या सौ. वैशाली धोटे यांचा प्रश्न. सातवीच्या एका मुलीनं अर्धा भागिले पाव बरोबर दोन, असं नीट काढलं आणि मग खोडलं. म्हणे, भागल्यावर उत्तर लहान व्हावं, मोठं कसं झालं? तिला काय सांगू?

मी लिहिलं: सातवीत येऊन हे कळत नसेल तर तिला परत चौथीत बसवा. नियम पाठ करून घ्या. खाली माझ्या जुन्या ओळी दिल्या.

भागायाचा अपूर्णांक
उलटा करुनी गुणा निःशंक

मनीषा थांबली. "बाबा, ते चौथीत बसवाचं जरा जादाच होते. काढून टाकू?"
"राहू दे. पाठव."

२१ जुलै
ओळींना तीन जणांची वाहवा. दिवसभर जुना वर्ग डोळ्यांपुढे. ओल्या पाटीचा वास, सगळे गळे एका चालीत, खिडकीतल्या चिमण्या भुर्र. हेडमास्तर म्हणायचे, "मास्तर, तुम्ही गणिताच्या तासाला कविता घेता की कवितेच्या तासाला गणित?" ते दिवस...

२ ऑगस्ट
वैशालीबाई गटात दिसत नाहीत. गोतमारे सरांचा फोन आला तेव्हा सहज विचारलं. जरा घुटमळले. "गुरुजी, ते पोरगी-बिरगी कोणी नव्हतं. शंका बाईचीच होती. लाजेपायी पोरीच्या नावावर विचारली." मग म्हणाले, "तुमचीच विद्यार्थिनी ना ते. माहेरची कुबडे."

वैशाली कुबडे! दुसरा बाक. कविता म्हणताना डोळे मिटायची. एकदा हात वर केला होता तिनं, "सर, उलटा काऊन करायचा?" मी म्हटलं, आधी चाल नीट म्हण. वर्ग हसला. की ती दुसरीच कोणी होती? आठवणीचा भरवसा नाही. पण हसलेला वर्ग मात्र...

५ ऑगस्ट
जेवताना ताटात अर्धी भाकरी. तिच्यात पाव-पावचे तुकडे किती? दोन. एवढंच होतं! उत्तर मोठं होत नाही, आपण तुकडे मोजतो. छत्तीस वर्षं शिकवलं आणि हे स्वतःला कधी विचारलं नाही. 'निःशंक' मी फक्त यमकासाठी घेतला होता. भाकरी तशीच राहिली.

१४ ऑगस्ट
एस्टीनं वैशालीच्या शाळेत गेलो. व्हरांड्यातच ऐकू आलं. सातवीचा वर्ग, माझ्याच ओळी, माझीच चाल. एरवी डोळे भरून आले असते. आज खांबाला धरून उभा राहिलो.

वै. बाहेर आली, पाया पडली, चहा मागवला. "सर, एवढ्या उन्हाचे काऊन आले? सांगून पाठवाचं ना."
म्हटलं, गटात येत नाहीस.
"वेळच भेटत नाई, सर. खिचडी, मतदार याद्या, सारं आमच्याच गळ्यात."
म्हटलं, मी लिहिलं ते...
"तुमचं काय चुकलं, सर? मलेच येत नव्हतं." आणि हसली.

भाकरीचं सांगितलं. "हो सर," म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. ती हात वर करणारी मुलगी समोर नव्हतीच. चहा फार गोड होता.

१६ ऑगस्ट
गटाला लिहिलं. मनीषाला बजावलं, एक शब्द गाळू नकोस. 'हा नियम मी छत्तीस वर्षं शिकवला. असं का, ते मला माहीत नव्हतं. ज्यानं विचारलं त्याला गप्प बसवलं. १९ जुलैचं माझं उत्तर चूक आहे.'

पहिलं ते पुसून टाकता येईल का, विचारलं.
"नाई बाबा. ते कवाच साऱ्याइच्या घरी पोचलं."

२२ ऑगस्ट
सात-आठ उत्तरं. सर, आपण थोर. सर, हा आपला विनय. कोणी स्वतःचं अडलेलं लिहिलं नाही. आता कोण लिहील? वै.चं काहीच नाही.

३० ऑगस्ट
वै.चा मेल. गटावर नाही, मला एकट्याला.

'सर, राग नका मानू. ऋण गुणिले ऋण धन काऊन होते? तेही तुम्ही नुसतं पाठच करून घेतलं होतं. सोमवारी सातवीले घ्यायचं आहे. गटात टाकू नका.'

सकाळपासून तीन कागद फाडले. ऋण म्हणजे मागे चालणं, उलट वळणं, असं मांडून पाहिलं, काहीच टिकत नाही. गोतमारे सर चुटकीसरशी सांगतील, पण तिनं बजावलंय. आणि तिला गटाची भीती कुणी घातली, ते मलाच...

मनीषा येऊन बसली. "काय लिहू, बाबा?"
"लिही, मलाही येत नाही."
लिहिलं तिनं. "बस, एवढंच?"
चौथा कागद पुढे ओढला. सोमवारला चार दिवस आहेत.