माझे जिवाणू आणि शिवलीलाचं घर

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. आयटीतली नोकरी का सोडली ते आता जगाला कळेल. बेंगळुरूबाहेर देवनहळ्ळीच्या पुढे एक जुनी दगडखाण आहे, कचऱ्याने काठोकाठ भरून बंद केलेली. त्यातून मिथेन निघतो. मी वर दीड फूट माती आणि कंपोस्ट पसरलंय. त्यातले जिवाणू मिथेन खातात. ना पगार, ना सुट्टी! वीस तारखेला सरकारी पाहणी. पास झालो की आणखी चार खाणी माझ्याच.

तिथली राखणदार शिवलीला कुंपणाला लागून पत्र्याच्या घरात राहते, सोबत म्हातारी सासू. आज म्हणाली, घरात उग्र वास येतो, होसकोटेला बहिणीकडे जाऊ का? म्हटलं, अक्का, स्वल्प थांबा, महिन्याभरात माझे किडे सगळं फस्त करतील. ती 'सरी' म्हणाली, म्हणजे ठीक आहे. विश्वास आहे लोकांचा. शिवाय ती गेली तर थरावर पाणी कोण मारणार?

९ फेब्रुवारी
मीटरवर अजून गॅस दिसतोय. जिवाणू नवीन आहेत, रुळतील. मलाही बेंगळुरूत रुळायला सहा वर्षं लागली. आसावरी म्हणाली, तू अजून कुठे रुळलायस? बायकोशी विज्ञान बोलू नये.

आमचा इंजिनियर हयवदन म्हणतो, माती भुसभुशीत राहू द्या, जिवाणूंना हवा लागते. माणूस हुशार, पण घाबरट.

१८ फेब्रुवारी
थर फारच ओबडधोबड दिसत होता. साहेब लोकांना हे दाखवायचं? शेजारी प्लॉट पाडताहेत त्या लेआउटवरून रोडरोलर आणला, चार वेळा फिरवला. क्रिकेटचं पिच झालं अगदी! कडेने ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा. साहेब येणार म्हटल्यावर रेघा हव्यातच. चार पोती उरली, ती वरून शिंपडली आणि पाणी मारलं. हयवदन म्हणाला, सर, ही पावडर जंतू मारायची असते. म्हटलं, वाईट जंतू. आपले चांगले आहेत.

२० फेब्रुवारी, दुपारी २
शून्य!! मीटर थरावर कुठेही ठेवा, शून्य! मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. मंजुरीचं पत्र आठवड्यात म्हणाले. हयवदन सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

२१ फेब्रुवारी
हयवदनचं टुमणं सुरू. वरून यायचा थांबला म्हणजे गॅस संपला असं नाही, थर दाबल्यामुळे खालून आडवा सरकत असेल. मीटर घेऊन शिवलीलाच्या उंबऱ्याशी गेला, तर ते बोंबलायला लागलं. म्हणाला, दोघींना आजच बाहेर काढा. निदान दारं-खिडक्या उघड्या ठेवा, चूल पेटवू नका, एवढं तरी सांगा.

मीटर जुनं आहे. आणि पत्र हातात पडायच्या आत बोभाटा झाला तर केलेलं सगळं मुसळ केरात. सोमवारी सांगतो. हयवदन म्हणाला, मग मी सांगू? बजावलं, साइटवरच्यांशी मीच बोलणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पत्र आलं नाही. म्हणून सांगितलं नाही. शिवलीला पाणी मारत होती. सासूचं डोकं दुखतंय म्हणाली. ऊन वाढलंय.

२५ फेब्रुवारी
सकाळी शिवलीलाच्या घरात भडका उडाला. स्टोव्ह पेटवायला गेली होती. सासू गेली. शिवलीलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत.

पोलिसांना म्हटलं, स्टोव्ह खराब असेल. असूही शकतो. जुना होता.
हयवदन फोन उचलत नाही.

२७ फेब्रुवारी
पत्र आलं. चारही खाणी माझ्या. आसावरीला दाखवलं. तिने वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

हॉस्पिटलमध्ये गेलो. शिवलीलाच्या हातांना बँडेज. बहीण चमच्याने गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवत होती. मला बघून शिवलीला उठायला लागली. दोन दिवस पाणी मारलं नाही म्हणून माझी माफी मागितली. मग विचारलं, आगीत तुमच्या किड्यांना काही झालं नाही ना?

म्हटलं, नाही अक्का, सगळे ठीक आहेत.

ते अठरा तारखेलाच मेले. मीच मारले. आणि एकवीसपासून पंचवीसपर्यंत चार दिवस होते माझ्याकडे. तिला एक वाक्य सांगायचं होतं.